चिठ्ठी बकरीने खाल्ली नव्हती

ती चिठ्ठी बकरीने खाल्ली नव्हती. मी जाळली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तसा मी कमीच बोलतो. स्टाफरूममध्ये चहाला ‘हो’ आणि मीटिंगला ‘बघू’, एवढ्यावर माझी नोकरी चालली आहे.

धुळ्याला आमच्या कॉलेजात ब्लॉकचेन उद्योजकतेची कार्यशाळा होती आणि समन्वयक मी. बॅनरवर जे लिहिलं होतं त्यापलीकडे मला काही कळत नव्हतं. पोरांनी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचं, म्हणजे अट पुरी झाली की आपोआप अमलात येणारा करार. मध्ये दलाल नाही. ज्यांचा प्रयोग परीक्षकांसमोर पार पडेल ते जळगावच्या अंतिम फेरीला जाणार.

प्रयोगासाठी बहुतेकांनी केळीचे ट्रक घेतले. साक्रीकडच्या एका मुलीने गुरांचा बाजार घेतला. तिकडे अजून रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, आणि मग ‘मी चार दाबली, तुला तीनच कशी लागली’ म्हणून भांडणं होतात. तिला जळगावला जायचंच होतं. म्हणून तिने चित्रावर न भागवता खरी बकरी आणली, आणि बकरीबरोबर आपले आबा.

आबा विकणारे, मी घेणारा, पैसे सरावाचे, खोटे. मी ‘मिळाली’ अशी मान्यता दिली की पैसे आबांचे आणि बकरी माझी. तोवर ती कुणाचीच नाही. माघारीचं कलम तिने मुद्दाम ठेवलं नव्हतं. म्हणाली, “सर, माघार ठेवली की माणूस माघार घेतो.” माझ्या मान्यतेची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. स्वतःकडे नक्कल न ठेवता ते तिने एका चिठ्ठीवर लिहून मला दिले, कारण कॉलेजात सगळ्यात गप्प मीच.

सकाळी करार मशीनवर लागू झाला. मान्यता जेवणानंतर, परीक्षकांसमोर द्यायची होती. जेवणाला भरीत होतं. मैदानामागे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, तर काड्या ओलसर, पेटेनात. आचारी कागद मागू लागला. दिवसभरात आपला काही उपयोग व्हावा म्हणून मी खिशातला कागद काढून दिला. छान पेटला. भरीत इतकं फक्कड झालं की परीक्षकांनी पुन्हा मागून घेतलं. मीही घेतलं.

मध्यंतरी लाइट गेली होती. लॅबमधली आमची मशीन्स एकदा बंद पडली की सगळं विसरतात, अगदी आमच्या वर्गासारखी. पुन्हा चालू केल्यावर मशीनने बारा शब्द मागितले. मी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे चाचपले, पुन्हा शर्टाचा चाचपला आणि मग मला आचारी आठवला.

बकरी शेजारी उभी राहून शांतपणे एका प्रमाणपत्राचा कोपरा चघळत होती. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, हिनेच खाल्ली वाटतं.” सगळा हॉल बकरीकडे वळला. ती नाही म्हणाली नाही. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली हे मला आठवत नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ती ‘हो’ची होती.

मग बकरीच्या तोंडात टॉर्च मारून झाला. प्राणिशास्त्राच्या सरांना बोलावलं, त्यांनी सकाळपर्यंत वाट बघा म्हणून सांगितलं. पोरं शब्द ओळखू लागली. मला बारापैकी फक्त छत्री आठवत होती. परीक्षकांतले एक त्या मुलीला म्हणाले, “किल्ली सांभाळता येत नाही, कंपनी काय सांभाळणार?” किल्ली सरांकडे होती, एवढं तिने म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बकरीकडे पाहत होतो. जळगावला केळीवाले गेले.

आबांना म्हटलं, हा नुसता सराव होता, बकरी घेऊन जा. आबा हलेनात. “बठ्ठासमोर शब्द दिधा शे. मशीन हा म्हनत नही तवलोंग ती ना मनी, ना तुमनी.” म्हणजे शब्द सगळ्यांसमोर दिलेला, मशीन ‘हो’ म्हणेपर्यंत बकरी ना त्यांची, ना माझी. आमच्या कॉलेजात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट मनापासून मानणारा तेवढा एकच माणूस निघाला. बकरी रात्रभर सायकल स्टँडमध्ये राहिली, तिथे तिने कार्यशाळेचं बॅनर ‘उद्यो’पर्यंत खाल्लं, आणि माझ्यावरचा उरलासुरला संशयही मिटला.

सकाळी मुलगी आबांपुढे उभी राहिली. “आबा, करार मी चुकीना लिखा. चूक मनी शे.” तेव्हा कुठे त्यांनी दोरी हातात घेतली.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. कंडक्टरने बकरीच्या तिकिटावरून बरीच हुज्जत घातली. शेवटी पायरीवर उभं राहून आबा मला म्हणाले, “सर, बकरीवर राग धरू नका. मुकं जनावर शे.”

मी म्हटलं, “नाही धरत.”

ती मुलगी शिकून गेली. आता दर कार्यशाळेच्या सुरुवातीला मला बकरीचा किस्सा सांगायला लावतात. एरवी न बोलणारा मी तो रंगवून सांगतो, आणि पोरं तिला न पाहताच ‘बकरीवाली’ म्हणून हसतात.

आबांच्या देखत तिला एक गोष्ट सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे: चिठ्ठी मी जाळली, चूक तुझी नव्हती.