दोरीला हात

पुण्याहून मुलाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातलं एक म्हातारं जोडपं गाडीतच संसार थाटून समुद्राकाठच्या गावांतून हिंडत होतं. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी. ह्याला कॅम्परव्हॅन म्हणतात, असं त्याने खाली लिहिलं होतं. मी तो ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा लावून पूर्ण पाहिला आणि म्हणाले, "हे तं आपल्या टेम्पोत गादी टाकल्यावानीच हाय." हृदयाच्या ऑपरेशननंतर ते इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले होते. मी ते घट्ट धरून ठेवलं.

आमचा टेम्पो भाजीचा. लोणारच्या आसपासच्या मळ्यांतून वांगी, टमाटे, कोथिंबीर उचलायची आणि मेहकरच्या बाजारात उतरवायची, यात ह्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, क्रेट उचलायचं नाही. तेव्हापासून टेम्पो निंबाखाली आणि हे खाटेवर. जानेफळचा एक जण टेम्पो घ्यायला तयारच बसला होता. "इकून टाकू," हे म्हणायचे. "मी आता काय कामाचा?"

मला गाडी येत होती. बाजारातून रिकामं परत येताना ह्यांनीच शिकवली होती, हौस म्हणून. लायसनही काढलं होतं आणि त्या दिवशी टपरीवरच्या लोकांना चहाबरोबर चघळायला विषय मिळाला होता. पण भाजीची फेरी मी मारते म्हटलं की ह्यांचा चेहरा पडायचा. "लोकं म्हनतीन, बायकोच्या जिवावर बसून खाते." लोकांचं काय, लोक बसलेल्यालाही बोलतात आणि उठलेल्यालाही. पण हे ऐकतील तर शपथ. टेम्पो गेला तर त्याच्यामागे हा माणूसही खाटेवरून उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला भीती वाटत होती. म्हणून मी सौदा केला: एकदा समुद्र पाहून येऊ, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. आल्यावर खुशाल विका.

आमच्या शेजारी सुतारकाम करणारे चाचा आहेत. त्यांनी मागच्या हौद्यात फळ्यांचा पलंग ठोकला, त्याखाली भांड्यांचा कप्पा, वर ताडपत्रीचं छत आणि एका बाजूला जाळीची खिडकी. काम झाल्यावर दोन पावलं मागे सरून म्हणाले, "भाबी, आता हे घर बी हाय आन् गाडी बी. भांडन झालं तं रुसून कुठं जासान?" मी हसले. हे हसले नाहीत.

निघताना मी पाण्याचे दोन निळे ड्रम काठोकाठ भरून घेतले, कारण आमच्याकडे नळाची वाट पाहण्यात आठवडा जातो. शिवाय ज्वारीचं पीठ, ठेचा आणि तुरीच्या हिरव्या शेंगांचं एक पोतं. हे म्हणाले, "दुकान लावायले चालली काय वं?" म्हटलं, रिकाम्या हाताने कुणाच्या गावाला जाऊ नये.

कोकणात पोचेपर्यंत ह्यांनी माझ्या प्रत्येक गिअरला तोंडाने आवाज दिला. आंबा घाटात तर पायाने हवेतच ब्रेक दाबत होते. रत्नागिरीला नारळाच्या वाडीत मुक्काम झाला. तिथल्या काकूंनी आमचे ड्रम पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या विहिरीत हाताने घेता येईल इतकं वर पाणी. तरी मी ड्रम रिकामे केले नाहीत. सवय आहे, जात नाही. देवगडला आंब्याच्या मोहोराच्या वासात भाकरी थापल्या. ह्यांनी एक जास्त खाल्ली. मला तेवढंही पुष्कळ होतं.

मग मालवणच्या पुढे एका लहान गावाशी, सकाळी, तो किनारा आला. पाणी लांब होतं आणि वाळू अंगण सारवल्यासारखी घट्ट. मी विचारलं, खाली नेऊ का? ह्यांनी पाणी पाहिलं, वाळू पाहिली आणि जाणत्या माणसासारखं सांगितलं, "लाव बिनधास्त. पानी काय चालून येते?" आता ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघंही लोणारचे. खारं पाणी आम्ही जन्मापासून पाहत आलो. आमच्या सरोवराचं पाणी वाढलं तर पावसाळाभर वाढेल, उतरलं तर उन्हाळाभर उतरेल. सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी असलं पाणी आम्हाला ठाऊकच नाही. मी टेम्पो अगदी पाण्याजवळ लावला, तोंड पाण्याकडे पण जरा तिरका, पलंगावर बसून जाळीच्या खिडकीतून समुद्र दिसेल असा.

थोड्या अंतरावर रापण चालली होती. समुद्रात लांबवर सोडलेलं मोठं जाळं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या, आणि किनाऱ्यावरून ओढणारी माणसं. बाया होत्या, बाप्ये होते. शेवटी एक वाकलेले आजोबा होते. ते ओढत नव्हते. ओढून आलेली दोरी नुसती हातातून सोडत वेटोळं करत होते. जाळं वर आलं, मासळीचे वाटे पडले, आणि आजोबांचाही पडला, बाकीच्यांएवढाच. हे बराच वेळ बघत होते. शेवटी विचारलंच, "ह्या बुढ्याले बी तेवढाच?"

एका बाईने सांगितलं, "दोरीक हात लागलो ना त्येंचो? मगे वाटो गावतलोच."

दोरीला हात लागला की वाटा मिळणारच, असं ती म्हणत होती. हे टेम्पोत येऊन पलंगावर आडवे झाले आणि मी पोहे करायला घेतले.

पोहे खाऊन मी भांडी घासायला उतरले तर पाय पाण्यात. पुढचं चाक ओलं, खालची वाळू सैल. मी गाडी सुरू केली, मागे घ्यायला गेले, आणि टेम्पो घरघर करत जागच्या जागी खाली बसला. लाटा आता दारापर्यंत येत होत्या. रापणीची माणसं ओरडत धावली. "हयसर कित्याक लावलात गाडी? भरती येता हा!"

टेम्पो विकण्याची गरजच उरणार नाही, समुद्रच घेऊन जाईल, असं वाटलं. आणि हे आता म्हणणार, बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतं. मी खाली उतरायला लागले.

"उतरू नको," हे पलंगावरून उतरून माझ्या दाराशी आले होते, बाहेरूनच म्हणाले. "बस तू. रेस देऊ नको, क्लच हयू हयू सोड, एकदम नको. मी सांगतो तसं."

जाळ्याची जाड दोरी मागे बांधली गेली. हे गाडीच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात, आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा, बाजाराच्या गर्दीत गाडी काढतानाचा. "डावीकडं काट. थांब. आता सोड. घाबरू नको, मी हाव ना!" मी आरशात पाहिलं. सगळं गाव दोरीला लागलं होतं. दोन वेळा टेम्पो हलला आणि परत बसला. तिसऱ्या खेपेला चाकांना जमीन लागली आणि आम्ही थेट माडांपर्यंत वर आलो.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले, खोटं कशाला सांगू. मग उतरले, तुरीचं पोतं सोडलं आणि दोरीला लागलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत शेंगा घातल्या. रिकाम्या हाताने आलो नव्हतो, ते असं कामाला आलं. आजोबांची ओंजळ भरली तेव्हा त्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"ह्यांका पण घाला."

"मी कुठं ओढलं?" हे म्हणाले. "मले डॉक्टरनं मनाई केली हाय."

"मिया तरी खय ओढतंय?" आजोबा म्हणाले.

मी ह्यांच्या ओंजळीतही घातल्या, आमच्याच पोत्यातल्या आमच्याच शेंगा. हे त्या शेंगांकडे पाहत राहिले आणि मग हसायला लागले. इतके हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली.

वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो. परतीच्या घाटात त्यांनी हवेतला ब्रेक दाबला नाही.

लोणारला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी जानेफळचा माणूस दारात हजर. मी चहा नेऊन दिला आणि आतूनच कान दिले.

"गाडी देनं नाही," हे म्हणाले. "तिले बाजारात जावं लागते."

"चालवीन कोन? तुम्हाले तं मनाई हाय ना?"

"मालकीन चालवते."

"आन् तुम्ही?"

कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"मी दोरीले हात लावतो," हे म्हणाले.