अडीचशे मीटरचा उशीर

नाहूरच्या नलिनी परब टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं टेस्ट डेस्कवर होत्या. केबल तुटली की एक्स्चेंजमधून सिग्नल सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि रस्ता नेमका कुठे खणायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. विक्रोळीत त्यांनी सांगितलेला खड्डा कधी चुकला नाही.

त्यांची भाची ऋता पल्सारवर पीएचडी करते. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गोळा. दर फेरीला त्याच्याकडून रेडिओलहरींचा एक ठोका येतो, घड्याळासारखा नेमका. ऋताचा पल्सार दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतो. त्याचे ठोके गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताप्रमाणे वेळेवर येतात का, हे ती तपासत होती.

एका रविवारी ती आत्याकडे आली ती हरखूनच. जुलैपासून ठोके उशिरा येत होते; सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून जरासा जास्त. सिद्धांतालाच धक्का बसेल की काय, असं तिला वाटत होतं.

आत्याने विचारलं, बाकीच्या पल्सारचं काय? ते दुसरी मुलं बघतात, ऋताने पाहिलं नव्हतं. तिने तिथूनच फोन लावले. आकाशाच्या चार दिशांचे चार पल्सार, सगळे जुलैपासून तेवढेच उशिरा.

"एका घरातून तक्रार आली तर त्या घरचा फोन बघायचा," नलिनीताई म्हणाल्या. "अख्खी बिल्डिंग बोंबलली की केबल आपली. जुलैत तुमच्या दुर्बिणीपाशी खणलं होतं का, ते विचार."

खणलं होतं. जुना चर बुजवून दुर्बिणीतून सिग्नल आणणारी फायबर केबल लांबून फिरवली होती. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो; त्या हिशेबाने उशिरावरून नलिनीताईंनी पाठकोऱ्या कागदावर वाढलेली लांबी काढली: अडीचशे मीटर. तिथल्या इंजिनीयरने मोजली, दोनशे अठ्ठेचाळीस भरली.

तो उशीर वजा केल्यावर पल्सार पुन्हा सिद्धांताबरहुकूम चालू लागला. ऋता दोन दिवस हिरमुसली होती. मग तिनेच गाइडला सगळं सांगितलं, आणि त्यांनी नलिनीताईंना मुद्दाम संस्थेत बोलावून घेतलं. तिथल्या मुलांनी फळ्यासमोर उभं करून त्यांना तासभर प्रश्न विचारले. एकाही प्रश्नाला त्या अडल्या नाहीत.

ऋताच्या शोधनिबंधात शेवटी आभार आहेत. मसुद्यात नुसतं 'श्रीमती नलिनी परब' होतं. नलिनीताईंनी पेन मागून घेतलं आणि पुढे लिहिलं: 'टेलिफोन तंत्रज्ञ'.