तेलाकडे चाललेले बूट

थरारपटाची सुरुवात मी बघतो, मागे नेतो आणि पुन्हा बघतो. बायको म्हणते, "एव्हाना खुनी पकडला गेला असता, शिक्षा भोगून घरीसुद्धा आला असता." पण खुनी कोण याच्याशी मला काय देणंघेणं? अजून कुणी मेलेलं नसताना माझ्या हातातला चहा गार कसा झाला, हे मला शोधायचं असतं. कॅमेरा माणसाच्या मानेमागून चालतो आणि चेहरा काही दाखवत नाही. दार दिसायच्या आधी कडी वाजते. कुठेतरी नळ ठिबकतो. आमच्या बाथरूमचा नळ वर्षभर ठिबकतोय, तेव्हा मात्र घाम फुटत नाही!

ही विद्या चाकणच्या आमच्या कंपनीत कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही गाड्यांचे पत्रे अवाढव्य प्रेसखाली दाबून आकारात आणतो. दर वर्षी सुरक्षा सप्ताह होतो. शपथ, घोषवाक्यं आणि एक फिल्म. गेल्या वर्षीची फिल्म सुरू झाली आणि सगळा हॉल झोपला. एक जण तर इतका मनापासून घोरत होता की लोकांना तो फिल्ममधलाच आवाज वाटला.

यंदा सेफ्टीच्या मॅडमनी मला गाठलं. "सर, यंदा लोक झोपले तर फिल्म कायमची बंद. प्लँट हेड बाहेरून वक्ता आणणार आहेत. दोन तास, स्लाइडसकट."

दोन तास! मी तिथल्या तिथे दिग्दर्शक झालो.

हिरो म्हणून मेंटेनन्सचा फिटर घेतला. माझा जुना दोस्त, इथल्याच गावचा. त्याच्या आजोबांनी जिथे कांदा काढला तिथे आता आमचं पार्किंग आहे.

"माझं तोंड कवा दिसनार?" त्यानं विचारलं.

"दिसणार नाही. फक्त बूट."

"आन् घरी काय सांगू? बुटानं काम केलंय म्हनून?"

"अरे राव, चेहरा दिसला की भीती संपते."

"आमच्यात उलटं हाय. मंडळीचं तोंड दिसलं की सुरू होती."

मोबाइल आम्ही हँड पॅलेटवर, म्हणजे माल ओढायच्या त्या बुटक्या गाडीवर बांधला, अगदी जमिनीलगत. गाडी ढकलली की चाक कुरकुरायचं. दोस्तानं लगेच ग्रीसचा डबा काढला.

"खबरदार!" मी ओरडलो. "ते पार्श्वसंगीत आहे."

त्याच्यातला फिटर बिचारा कळवळला, पण थांबला.

शॉट असा. समोर जमिनीवर सांडलेलं तेल. लांबून बूट येताहेत. तेल आपल्याला दिसतंय, बुटांना दिसत नाही. सगळी गंमत एवढ्यातच आहे. मागे प्रेसचा ठोका, धाड... धाड... काळजासारखा. बूट तेलापाशी पोहोचतो, वर उचलला जातो, आणि ठोका बंद. पूर्ण शांतता.

या शांततेवर मी इतका खूश होतो की रात्री जेवताना घरच्यांना ती करून दाखवली.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रेस बंद ठेवून सगळे हॉलमध्ये आले. गणेश मंडळाचे स्पीकर आणले होते. दिवे गेले. चाक कुरकुरलं. धाड... धाड... खुर्च्या थरथरू लागल्या. कुणीही झोपलं नव्हतं. मी अंधारात मॅडमकडे बघून भुवया उडवल्या. बूट आले, आले, एक उचलला गेला, आणि ठोका थांबला.

अख्खं मेंटेनन्स उभं राहिलं.

आमच्याकडे आवाजाला कुणी घाबरत नाही. आवाज म्हणजे काम चालू आहे. आवाज थांबला की मात्र सगळे हातातलं टाकून उठतात, कारण प्रेस बंद पडली म्हणजे उत्पादनाची अख्खी लाइन बंद. "थांबली रे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे दाराकडे धावले. प्रेस त्यांनीच स्वतःच्या हातानं बंद केली होती, हे कुणाच्या पायांना आठवलं नाही. सगळ्यांत पुढे आमचा हिरो. प्लँट हेडनी बसल्या जागी फोन लावला. तो धावत्या हिरोच्या खिशात वाजला.

"काय झालंय?"

"बघतो साहेब, पोचलोच!"

मी फिल्म थांबवली. दिवे लागले. अर्धा हॉल रिकामा होता. मॅडमनी कपाळाला हात लावला. मला डोळ्यांसमोर स्लाइड दिसू लागल्या.

थोड्या वेळानं मंडळी खाली मान घालून परत आली. प्लँट हेड उठले.

"लेक्चर नंतर बघू," ते म्हणाले. "आधी पुढचं लावा. तो घसरतो का नाही?"

"व्हय राव, लाव!" मागून गलका झाला.

दिवे पुन्हा गेले. माझा दोस्त पहिल्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसला होता, मुठी आवळून. पडद्यावर स्वतःचाच बूट तेलावर टेकणार, इतक्यात तो ताडकन उठला आणि ओरडला, "आरं खाली बघ की!"