कुबडी पलीकडच्या काठाला

पहिल्याच भेटीत मी त्याला चुकीच्या खिडकीकडे पाठवलं. जिमखान्याच्या खोलीच्या दारात कुबडी टेकून एक मुलगा उभा दिसला. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "फीमाफीचा अर्ज ऑफिसात मिळतो. जिन्याच्या डावीकडे."

"पोहण्याच्या स्पर्धेला नाव द्यायचंय, सर."

"कुणाचं?"

"माझंच की."

आता खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "अरे, पण पाण्यात...?"

"पाण्यात कुबडी लागत न्हाय, सर. जमिनीवरच लागते."

कॉलेजात बेलबॉटम नुकत्याच आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी बुककीपिंग शिकवत असे. जिमखाना माझ्याकडे आला, कारण ज्या मीटिंगमध्ये कामं वाटली गेली तिथे मी उशिरा पोचलो. माझा स्वतःचा खेळ कॅरम. पोहता मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही.

मुलगा विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, पण मामाच्या विहिरीत पोहून पोहून खांदे असे झालेले की माझा सदरा त्याच्या एका बाहीत गेला असता. त्याचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेजच्या नावानं एकदा शर्यतीत उतरायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एका पायावर उभं राहून सूर मारता येत नाही, म्हणून सुरुवात पाण्यातून करू द्यावी. आणि शर्यत पलीकडच्या काठाला संपते, कुबडी अलीकडे राहते, तेव्हा ती कुणीतरी पलीकडे आणून द्यावी.

मी या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं केलं.

त्याला रोज आमच्या घरून दूध सुरू केलं. वर्गात त्याच्यावर दहा मिनिटं बोललो. तो मान खाली घालून बाकावर खिळ्यानं रेघोट्या ओढत होता. रोज तो सायकलवर यायचा, एका पायानं पायडल मारत. ते मला बघवेना, म्हणून स्पर्धेच्या दिवशी मी टांगा केला. घोडा असा चालला की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले, आणि त्या सगळ्यांकडे तो आशेनं बघत राहिला. पोचायला उशीर झाला आणि शर्यतीआधी पाण्यात उतरून हात-पाय मोकळे करायचे राहिले.

"त्या पोरानं मागितलं काय नेमकं?" असं आमच्या हिनं आदल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हणालो, "लाजाळू आहे तो. सांगत नाही."

खरा पराक्रम पुढेच. आमच्या संस्थेचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते, आणि प्राचार्यांना मीच सुचवलं होतं की शर्यतीच्या आधी या मुलाचा सत्कार करावा. सोलापूर म्हटल्यावर शाल कशाला? खास चादर आणली. ऐन मार्चच्या उन्हात, अंगावर नुसती पोहण्याची चड्डी असलेल्या मुलाला खुर्चीत बसवून आम्ही त्याच्याभोवती ती जाड चादर गुंडाळली. मांडीवर नारळ ठेवला. कुबडी कार्यक्रमाची शोभा जाईल म्हणून मी स्टेजमागे नेऊन ठेवली.

चादरीचा काठ बोटांत धरून तो माझ्या कानात म्हणाला, "सर, ही आमच्याच मागावरची हाय. बाबांची वीण मी वळखतो."

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. जिद्द झाली, इच्छाशक्ती झाली, तरुण पिढी झाली. माईक एकच होता आणि तो अध्यक्षांच्या हातात होता. त्यामुळे तलावाच्या काठावर पंच नावं पुकारत होते ती नुसत्या तोंडानं. मला ऐकू आलं नाही. त्याला आलं.

"सर, माझी फेरी."

"बस रे. भाषण चालू आहे. बरं दिसत नाही."

"सर, तिसऱ्यांदा पुकारलं."

"दोनच मिनिटं."

शिट्टी वाजली. टाळ्याही वाजल्या, त्या भाषणातल्या एका वाक्याला. पाण्यात पाच डोकी गेली. सहावा पट्टा मोकळा होता आणि त्या पट्ट्याचा मालक चादरीत नारळ घेऊन बसला होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि नंतर बराच वेळ दुसरीकडे बघत राहिलो.

भाषण संपल्यावर मी पंचांकडे धावलो. "साहेब, बिचारा अपंग मुलगा आहे, जरा सहानुभूतीनं..."

"मग कशाला उन्हातान्हात त्रास देता त्याला?" पंच म्हणाले. "गैरहजर लिहिलंय. संपलं."

तेवढ्यात एका पायावर उड्या मारत तो स्वतःच तिथे आला आणि त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. "साहेब, मी गैरहजर न्हवतो. तितं बसलो होतो. तुमीबी टाळ्या वाजवल्या की."

पंचांनी वहीकडे पाहिलं, मग स्टेजकडे. टाळ्या त्यांनी वाजवल्या होत्या, नाही म्हणता येईना.

"पुढच्या फेरीत एक पट्टा मोकळा हाय. सूर न्हाय मारत, पाण्यातनं निघतो. तोटा माझाच हाय."

"उतर," पंच म्हणाले.

तो काठावर बसून पाण्यात घसरला, आणि मला अचानक कुबडी आठवली. ती स्टेजमागे! ती उचलली आणि तलावाच्या कडेनं पलीकडे पळत सुटलो. शिट्टी झाली. तो पाण्यात, मी काठावर, बरोबरीनं. अर्ध्या वाटेत ओल्या फरशीवर माझा पाय गेला आणि मी आडवा झालो. उठलो तो कुबडीच्याच आधारानं. लंगडत टोकाला पोचलो, तेव्हा तो आधीच येऊन, दुसऱ्या नंबरानं, काठ धरून धापा टाकत होता. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "सर, तुमचं काम झालं असंल तर द्या."

अंतिम फेरीत तो चौथा आला. चौथ्याला काही नसतं. मी समजूत घालायला म्हणू लागलो, "भाग घेतलास हेच..." तर तो चिडला. "दोन हात त्यांनी सूर मारण्यातच घेतले, सर. तेवढ्यानंच मागं राहिलो. विहिरीत काठ धरून, पाय न लावता अंग पुढं ढकलायचं कसं, ते बघायला पायजे." टांगा त्यानं नाकारला. मित्राच्या सायकलच्या दांडीवर बसून गेला. जाताना चादर माझ्या खांद्यावर टाकली. "घरात लई हायेत."

संध्याकाळी आमची ही माझ्या घोट्याला आंबेहळद लावत होती. मी सगळं सांगितलं, माझं पळणं थोडं वाढवून. तिनं पट्टी बांधली, गाठ मारली आणि म्हणाली, "उद्या कॉलेजात असेच लंगडत जाल, तर एक सांगून ठेवते. कुणी सत्कार करतो म्हणालं तर बसू नका. तास बुडेल."