हेडसरांच्या कानाचं गुप्तदान

आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. धंदाच तसा पडला. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं केशकर्तनालय आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक बाक. गिऱ्हाइकाचं डोकं ह्यांच्या हातात, मान हलवायची त्याला बंदी, मग काय, हे सुटतात. कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, कोणाचा भाऊ कोणाशी बोलत नाही, सगळं केसांबरोबर खाली पडतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या चपलेला चिकटून गावभर जातं.

त्यात त्यांचा आवडता शब्द म्हणजे दान. दाढी करताना फुकटचा सल्ला दिला, की ते ज्ञानदान. शिळं वर्तमानपत्र कोणाला घरी नेऊ दिलं, की तेही दान. एकदा माझी नवीकोरी छत्री एका गिऱ्हाइकाला देऊन आले आणि वर ताठ मानेने सांगतात, "अगं, दान केलं." मी म्हटलं, "आयजीच्या जिवावर बायजी उदार. छत्री माझी आणि पुण्य तुमचं?" माझं गणित सोपं आहे. वाटी शेजारी गेली आणि परत आली, तर ते उसनं. भरून परत आली, तर शेजारधर्म. आलीच नाही, तर आपण म्हणायचं दान आणि दुसरी वाटी आणायची.

तर अशा माणसाला मनातलं बोलायला एकच जागा होती, ती म्हणजे हेडसर. ह्यांना शाळेत शिकवलेले हेडमास्तर. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, आणि गेली सात-आठ वर्षं ठार बहिरे. एका आड एका गुरुवारी साडेअकराला केस कापायला येतात. मी ह्यांना घरातलं काही सांगून "बाहेर बोलू नका" म्हटलं, की हे गुरुवारची वाट बघायचे. तोवर पोट दुखायचं, झोप लागायची नाही. गुरुवारी सरांच्या मानेवर हात टेकले, की सगळं ओकून मोकळे. त्या दिवशी दुपारी चार घास जास्त जायचे.

सरांना फक्त एकाच जणाचा आवाज ऐकायचा असायचा. त्यांची नात लांब शिकायला आहे, ती फोन करते. आपल्याला ऐकू येत नाही हे सरांनी तिला कळूच दिलं नव्हतं. अंदाजाने उत्तरं द्यायचे. एकदा तिचा फोन दुकानातच आला. सरांच्या फोनचा आवाज एवढा मोठा, की बाकावरच्यांनाही ऐकू जायचा. पोरगी रडत म्हणाली, "आजोबा, मी नापास झाले." सर म्हणाले, "वा, छान. अशीच प्रगती कर." पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. सरांनी फोन खिशात टाकला आणि खुशीत म्हणाले, "हुशार आहे पोरगी."

हे त्या दिवशी घरी आले ते गप्प. मला वाटलं, ताप आला. जेवण झाल्यावर म्हणाले, "दुकानाला नवी खुर्ची घ्यायला ठेवलेत ना पैसे, त्यातून सरांना कानाचं मशीन घेतलं तर?"

मी लगेच हो म्हटलं. पण हेडसर म्हणजे कोणाचा कागदाचा कपटा फुकट न घेणारा माणूस. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घड्याळ दिलं होतं, ते त्यांनी परत पाठवलं, आणि सोबतच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून पाठवल्या. मशीन तुम्ही दिलं हे कळलं, तर ते त्याच दिवशी परत येईल, असं मी बजावलं.

"गुप्तदान करायचं," हे म्हणाले.

"तुम्ही? गुप्त?" मी म्हटलं. त्यांना राग आला, पण करतात काय.

कानाच्या मशीनचा दुकानदार ओळखीचा निघाला. त्याने सरांना गाठून कागदावर लिहून सांगितलं, की कंपनीला नव्या मशीनसाठी अनुभवी परीक्षक हवाय. मशीन दिवसभर कानात ठेवायचं आणि दर सोमवारी लेखी अहवाल द्यायचा. परीक्षक म्हटल्यावर सर तयारच. पहिला अहवाल दुकानदाराने आम्हाला दाखवला. "पाखरांचा आवाज उत्तम. नळाचा आवाज अनावश्यक. शेजाऱ्यांचे भांडण स्पष्ट, विषय क्षुल्लक. शंभरपैकी अठ्ठावन्न." आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, "नातीशी चाळीस मिनिटे बोलणे झाले. ती पुन्हा परीक्षेस बसणार आहे." ह्यांनी तो कागद वाचला आणि उगाचच धुतलेले टॉवेल पुन्हा धुवायला घेतले.

आणि खोटं कशाला बोलू, अकरा दिवस ह्यांनी तोंड मिटून ठेवलं. कोणी सरांचं नाव काढलं, की कंगवा दातात धरायचे. दुकानात एवढी शांतता, की दोन गिऱ्हाइकांनी येऊन मला विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?" मला ह्यांचं कौतुक वाटायला लागलं होतं. तिथेच माझं चुकलं.

बाराव्या दिवशी गुरुवार होता. मी डबा घेऊन दुकानात शिरले, तर सर खुर्चीत, गळ्याला कापड, डोळे मिटलेले. आणि ह्यांचं चालू होतं, "सर, फक्त तुम्हाला म्हणून सांगतो. कंपनी वगैरे काही नाही. खुर्चीचे पैसे होते, म्हटलं, खुर्ची काय, पुढच्या वर्षी होईल. हे बघा, गुप्तदान म्हणजे गुप्तदान. हिला वाटत होतं मी बोलून जाईन. पण आजपर्यंत एका शब्दाने कोणाला काही बोललो असेन तर शपथ."

सात-आठ वर्षांची सवय. त्या मानेवर हात पडले आणि जीभ आपोआप सुटली. मला आरशात सरांचा कान दिसत होता, आणि कानात ते मशीन. मी खोकले. पुन्हा खोकले. शेवटी डब्याचं झाकण फरशीवर पाडलं.

"अगं हळू," हे म्हणाले. "सरांना ऐकू येत नाही म्हणून काय झालं, बाकीच्यांना कान आहेत."

सरांचे डोळे मिटलेलेच होते, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. केस कापून झाल्यावर ह्यांनी मागून हातातला आरसा धरला, आणि तेव्हा कुठे ह्यांना ते मशीन दिसलं. आरसा धरलेला हात तसाच वर राहिला. सरांनी मानेमागचे केस नीट पाहिले, "ठीक आहे" म्हणाले, पैसे दिले आणि निघून गेले.

पुढचे चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. शटरचा आवाज झाला तरी ह्यांना वाटे, मशीन परत आलं. "वस्तऱ्याने आधी माझी जीभ कापायला हवी होती," म्हणायचे. मला इतका राग आला होता, की तोंडावर हो म्हणावंसं वाटत होतं. पण ह्यांचा उतरलेला चेहरा बघून काही बोलवेना. राहून राहून मनात यायचं, आता पुन्हा ती पोरगी रडत फोन करणार आणि सर म्हणणार, वा, छान.

सोमवारी मी डबा घेऊन केशकर्तनालयात गेले होते, तेव्हा मशीनचा दुकानदार आला. हातात मशीन नव्हतं, कागद होता. माझ्या हातात देऊन तो घाईने गेला. मी मोठ्याने वाचला. "गुरुवार, साडेअकरा ते बारा, केशकर्तनालय. यंत्र पूर्ण बंद. एक अक्षरही ऐकू आले नाही. दुकानाबाहेर पडताच पूर्ववत सुरू झाले. दुरुस्तीची आवश्यकता नाही. परीक्षण पुढे चालू ठेवीत आहे." खाली सरांची पूर्ण सही.

मी बाकावर बसलेच. उभ्या जन्मात ज्या माणसाने मुलांचं खोटं खपवून घेतलं नाही, त्याने स्वतः सहीनिशी खोटं लिहून दिलं होतं. माझे डोळे भरून आले.

हे मात्र आनंदाने खुर्चीतच बसले. "म्हणजे ऐकलंच नाही? सुटलो बुवा." मग त्यांचा चेहरा पडला. "पण म्हणजे मशीन खराब निघालं की. आपण एवढं दान करायचं आणि ते असं मध्येच बंद पडायचं? गॅरंटी आहे अजून. थांब, सरांकडून घेतो आणि बदलून आणतो." एक पाय चपलेत गेलासुद्धा.

खरं काय ते मी सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. मी त्यांना दंडाला धरून परत खुर्चीत बसवलं.

"दिलंत ना ते?" मी म्हटलं. "मग ते आता सरांचं आहे. त्यांना हवं तेव्हा बंद पडेल."