सूर्याचा वारा आणि वरकसाची दोरी

हे मुख्यतः थोरल्या नातीसाठी लिहिते आहे. धाकट्या, तूही वाच. अडलं तर ताईला विचार.

रविवारी साडेचारला तुमचा फोन येतो, तेव्हा तिकडे परदेशात तुमच्या दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असते. त्याआधीच मी केस विंचरून, चष्मा पुसून खुर्चीत बसलेली असते. शहापुरात त्या वेळी खालच्या दुकानांची शटरं अजून वर गेलेली नसतात, त्यामुळे आवाज नीट येतो. बोलणं मात्र लवकर संपतं. जेवलीस का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे. मग फोन धाकट्याकडे जातो, तो हात हलवतो, आणि पडदा काळा होतो. आजोबा गेल्यापासून त्यानंतरची संध्याकाळ फार लांब वाटते.

या हिवाळ्यात एका रविवारी तू विचारलंस, "आजी, तू फिजिक्स शिकवायचीस ना?"

तुला शाळेचा प्रकल्प होता. सूर्यातून बारीक कण सतत बाहेर वाहत असतात, त्या वाहण्याला सौरवारा म्हणतात. त्यातले किती कण दर सेकंदाला पृथ्वीवर येऊन पडतील, ते काढायचं होतं. पृथ्वीचं चुंबकत्व बरेचसे कण बाजूला वळवतं, पण ते सोडून द्या, असं बाईंनी सांगितलं होतं. हे तू संगणकाला विचारू शकली असतीस. मला विचारलंस, याचं मला इतकं बरं वाटलं की रात्री जेवताना मी रेडिओही लावला नाही.

मी घाई केली नाही. पहिल्या रविवारी फक्त कणांबद्दल बोललो. पुढच्या रविवारी तुला म्हटलं, सूर्याभोवती एक प्रचंड पोकळ चेंडू आहे असं समज, आणि आपली पृथ्वी त्याच्या सालीवर आहे. सूर्यातून निघालेला प्रत्येक कण त्या सालीतून जाणारच. दर सेकंदाला निघणाऱ्या सगळ्या कणांना सालीच्या क्षेत्रफळाने भागलं की एका चौरस मीटरचा वाटा मिळतो. या वाट्यालाच फ्लक्स म्हणतात. तू "ओके, मेक्स सेन्स" म्हणालीस. फोन बंद होईपर्यंत चहाचं आधण आटून गेलं होतं.

आता त्या वाट्याला पृथ्वीच्या क्षेत्रफळाने गुणायचं राहिलं. ते दोघींनी वेगवेगळं करून पुढच्या रविवारी ताडून बघायचं ठरलं. मी धाकट्याचा इथे राहिलेला चेंडू घेऊन गच्चीवर गेले आणि उन्हात धरून पाहिला. खालच्या मजल्यावरची भाडेकरूबाई उडीद वाळत घालत होती.

"काय ओ काकू, एकट्याच कॅच खेळताव?"

"सूर्याकडून किती वारा येतो ते मोजतेय."

"मोजा, मोजा. जास्ती झाला तर आमच्या पंख्याचं बिल वाचंल."

चेंडूची अर्धी बाजू उजळली होती. मी त्या सबंध अर्ध्या गोलाचं क्षेत्रफळ घेतलं, गुणाकार केला, एककं तपासली आणि खाली येऊन स्वच्छ अक्षरात उत्तर लिहून ठेवलं.

रविवारी तू आधी तुझं उत्तर वाचलंस. मग माझं वहीत उतरवून घेतलंस.

"आजी, तुझं डबल येतंय."

"कुठेतरी दोनाचा घोटाळा केला असशील."

"मी नाही. तू केलास का?"

मी हसले. दुसऱ्या दिवशी तुला प्रकल्प द्यायचा होता. माझं चुकलं असेल, तर पुन्हा काही विचारायला तू माझ्याकडे कशाला येशील, हेच मनात होतं. मी हट्टाने म्हटलं, ऊन अर्ध्या गोलावर पडतं, मग कणही अर्ध्या गोलावरच पडणार.

तू पडदे ओढलेस, भावाला बॉल धरायला लावलंस आणि टॉर्च लावलास. भिंतीवर गोल सावली पडली.

"बॉलने जेवढं अडवलं, तेवढीच सावली आहे, बघ. ती फ्लॅट आहे. कडेला लाइट तिरका पडतो, म्हणून तिथे पातळ होतो."

तुझं बरोबर होतं. अर्ध्या गोलाचं क्षेत्रफळ त्या सपाट वर्तुळाच्या दुप्पट भरतं. माझं कुठे चुकलं, तेही मला तिथेच कळलं. मुरबाडकडे माझ्या माहेरी वरकस जमीन होती, म्हणजे नाचणी-वरईची डोंगरउताराची. वाटणीच्या वेळी घरातली माणसं ती मोजायची ती दोरी उताराला चिकटवून, पायाखाली जेवढी येईल तेवढी. सरकारी मोजणीत वरून दिसते तेवढीच धरतात, म्हणून ती नेहमी कमी भरायची. माझे वडील म्हणायचे, नांगर काय हवेतून चालतो? मी पृथ्वीलाही तशीच दोरी लावली होती.

हे मी तुला सांगितलं.

"मग तुझे काका लोक भांडायचे?"

"कशाला भांडतील? सगळ्यांनी तशीच मोजलेली."

तू खूप हसलीस. मला अजून सांगायचं होतं. त्या उतारावर उभं राहिलं की समोर काय दिसायचं, ते सांगायचं होतं. तेवढ्यात तुझ्या आईने जेवायला हाक मारली.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "प्रकल्प कसा झाला?"

"छान झाला."

"आणखी काही अडलंय का?"

"नाही, झालं सगळं."

मग थंडीची चौकशी झाली, गुडघ्याची झाली, धाकट्याने हात हलवला. माझ्या चुकीमुळे तू विचारायचं थांबलीस, असं मला दोन-चार दिवस वाटत राहिलं. मग स्वतःलाच समजावलं. इतकी वर्षं शिकवलं मी, परीक्षा झाल्यावर वर्गात कोण येतं?

तरी काल दुपारी मी मंगळाचा हिशेब मांडला. तो सूर्यापासून आपल्याहून लांब आहे आणि आकारानेही लहान, त्यामुळे त्याच्या वाट्याला बरेच कमी कण येतात. या वेळी मी सपाट वर्तुळच धरलं आहे. उत्तर मुद्दामच इथे लिहीत नाही. तू तुझं काढ आणि रविवारी आधी तुझं सांग.