दहापैकी किती दुखतं?

किस्से जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांसारखं त्यांचं असतं. विकत कुणी आणलेले नसतात, टाकून देववत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. त्यात आमचं टेबल यिशुनच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईतलं, पंख्याखालचं. तिथे रोज सकाळी तीन रिटायर्ड मराठी माणसं बिनसाखरेची कॉफी घेऊन बसतात आणि स्वतःच्या साखरेबद्दल बोलतात. एक मी. जन्मभर एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कारकुनी केली. दुसरे बोरकर, सेम्बावांगच्या गोदीत ड्राफ्ट्समन होते. तिसरे कांबळे, नागपूरचे, वीज खात्यातून निवृत्त. त्यांचा मुलगा बुओना व्हिस्टाला रिसर्च करतो, म्हणून वर्षातले काही महिने ते इथे असतात आणि उरलेले महिने इथल्या गोष्टी नागपुरात सांगतात.

गेलं वर्षभर या टेबलावर एकच विषय होता. बोरकरांचं नवं घर.

*

बोरकर आणि मी एकाच जुन्या ब्लॉकमध्ये. मी पाचव्या मजल्यावर, ते तिसऱ्या. ब्लॉक अशा काळातला की लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. तळमजला, ज्याला इथे पहिला म्हणतात, तो सोडला की एकदम पाचवा. त्यामुळे बोरकर मला 'जंक्शनवाले' म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला एक स्वातंत्र्य मात्र असतं. घरी जाताना दोन मजले चढायचे, की पाचव्यावर जाऊन दोन मजले उतरायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. लीलावहिनींच्या, म्हणजे बोरकरांच्या पत्नीच्या, गुडघ्यांनी दोन्हीला नकार दिला. दिवाळीनंतर त्या खाली आल्याच नाहीत. मुलगी मेधा सेम्बावांगला, MRTने दोन स्टेशनं. पण नातीच्या वाढदिवसाला वहिनींनी बोरकरांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून त्या फोनलाच ओवाळलं. अक्षता उडाल्या त्या स्पीकरच्या भोकात गेल्या. फोन अजून घोगरा बोलतो.

मेधाच्या ब्लॉकसमोर ज्येष्ठांसाठी छोटी सरकारी घरं होत होती. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर. घरं थोडी, अर्ज उदंड. पण वैद्यकीय कारण असेल तर नंबर वर लागणार होता.

"आई, जायचं ना तिकडे?" मेधाने विचारलं.

"मिळालं तर जाऊ की," वहिनी म्हणाल्या. "मागायला कशाला जायचं?"

*

पहिला प्रश्न आला तो दुखणं कुणाचं दाखवायचं हा.

बोरकरांचं म्हणणं, अर्जदार म्हणून आपलं नाव पहिलं, तेव्हा आजारही आपलाच हवा. बायकोच्या गुडघ्यावर घर घेतलं असं लोक म्हणतील. पण त्यांच्याकडे होती फक्त डायबेटिस. आमच्या टेबलावर डायबेटिसला आजार म्हणत नाहीत, ते मेंबरशिप कार्ड आहे.

"माझी अँजिओग्राफी घेऊन जा," कांबळे म्हणाले. "पण परत आणा. नागपुरात दाखवायला लागते."

मी माझं प्रोस्टेट देऊ केलं. असं बराच वेळ देणं-घेणं चाललं होतं. बोरकरांनी घरी लावलेला फोन टेबलावर स्पीकरवर होता, हे आम्ही तिघंही विसरलो होतो. त्यातून घोगरा आवाज आला.

"तुमचं काय काय दुखतं ते ठरलं की सांगा. तोवर मी गुडघ्याला तेल लावून घेते."

गुडघ्यांचा अर्ज एकमताने मंजूर झाला.

*

वहिनींबद्दल एक सांगायला हवं. त्या लग्नाआधी डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवायच्या. इथे आल्यावर यिशुनमधल्या निम्म्या मराठी मुलांनी त्यांच्या डायनिंग टेबलावर अपूर्णांक शिकले. त्यांच्या हातून दहापैकी सहाच्या वर कधी कुणी गेलं नाही. सहाही एकदाच, एका मुलाला. त्याच्या आईने त्या दिवशी पेढे वाटले.

मेधाने त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, चिनी, फार गोड बोलणारा.

"आंटी, एक ते दहा. किती दुखतं?"

वहिनींनी विचार केला. बराच केला. मग म्हणाल्या, "दोन."

"आई! रात्री कूस बदलताना ओरडतेस तू!"

"दहा म्हणजे काय, कळतं का तुला? दहा म्हणजे तुझ्या वेळचं बाळंतपण. तिथून खाली मोजत ये."

डॉक्टरने लिहिलं, दुखणं सौम्य.

मग त्याने विचारलं, "खाली उकिडवं बसता येतं?" झालं. वहिनींना परीक्षेचा वास आला. पदर खोचला, टेबलाला न धरता त्या शिस्तीत खाली बसल्या. डॉक्टरने लिहिलं, बसता येतं. पुढे दोन नर्सेसनी आणि मेधाने मिळून त्यांना वर काढलं. पण तोवर त्याने पुढचा पेशंट बोलावला होता.

"अगं, सांगायचं ना उठता येत नाही म्हणून!" मेधा रडकुंडीला आली.

"त्याने विचारलं होतं का? प्रश्नात जेवढं विचारलंय तेवढंच उत्तर लिहायचं."

*

अर्ज देण्याच्या दिवशी बोरकरांनी कसर भरून काढली. अर्जदार म्हणून काउंटरवर ते स्वतः. शेजारी मेधा. पलीकडच्या मुलाने सहज विचारलं, "अंकल, चालायला वगैरे त्रास?"

"त्रास?" बोरकर सरसावले. "रोज सकाळी तळ्याला पुरी चक्कर मारतो. माझ्या वयाची माणसं व्हीलचेअरवर असतात."

मेधाने काउंटरखाली त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"मेधा, माझ्या पायावर उभी आहेस तू," बोरकर मोठ्याने म्हणाले. मग त्या मुलाकडे वळून, अभिमानाने, "बघा. तरी काही दुखलं नाही."

मी काउंटरच्या पलीकडे आयुष्य काढलेला माणूस आहे. अर्जदाराने अर्ज देताना आनंदी दिसणं हा मी अर्जाचा अपमान समजतो. पण बोरकरांना हे कोण सांगणार? त्यांनी निघताना त्या मुलाला तब्येतीसाठी मेथीचं पाणी सुचवलं.

*

एवढं होऊनही अर्ज कुठेतरी जिवंत होता, कारण निरोप आला. ऑफिसमधून एक बाई घरी येऊन परिस्थिती पाहून जातील. त्यावर सगळं ठरेल.

मी लगेच रंगीत तालीम घेतली. बोरकरांच्या हॉलमध्ये मी झालो ऑफिसर.

"घरातली कामं जमतात का?"

"न जमून कुणाला सांगू?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, हे उत्तर चुकलं. जिना चढता येतो?"

"सावकाश येतो."

"शेवटचा कधी चढलात?"

"तो वेगळा प्रश्न झाला, भावोजी."

"अहो, खोटं बोला असं कोण म्हणतंय? खरं सांगा. एवढंच की दुखतं."

"परक्या बाईला? पहिल्याच भेटीत?"

कांबळे कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "वहिनी, तुमचा मीटर दोनवर अडकलाय. आमच्या खात्यात असता तर बदलून दिला असता."

*

बाई आल्या. मिस तान, मेधाहून लहान, हातात टॅबलेट. मी शेजारी म्हणून हजर होतो, म्हणजे डोक्याला हात लावायला कुणीतरी हवं म्हणून.

घर आरशासारखं चमकत होतं. वहिनींनी ठेवणीतली इरकल नेसलेली, केसात जुईचा गजरा. दार त्यांनीच उघडलं. साबुदाणा वडे तळून तयार होते. चटणी दोन प्रकारची. चांगले कप वरच्या फळीवर असतात, ते काढायला वहिनी मिस तानच्या डोळ्यांदेखत स्टुलावर चढल्या.

"आंटी सो फिट, लाह," मिस तान इथल्या लकबीत, कौतुकाने म्हणाली. "इतकं सगळं एकट्याने केलं?"

"हे काहीच नाही," बोरकर म्हणाले. "दिवाळीत या."

मी वडा खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

मिस तानने वड्यांना हात लावला नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. नोकरीचा नियम. ते वहिनींनी कसंबसं सोसलं. पण ती निघताना त्या नारळ, तांदूळ आणि खण घेऊन आल्या, कुंकू लावायला बोट पुढे केलं, तेव्हा ती पोर घाबरलीच. "कॅनॉट, आंटी, गिफ्ट कॅनॉट," म्हणत बूट हातात घेऊन जिन्याने पळाली.

वहिनी दारात उभ्या. हातात नारळ. घरी पहिल्यांदा आलेली लेकीच्या वयाची मुलगी, उपाशी आणि रिकाम्या ओटीने गेली होती.

"अगं, निदान नारळ तरी," म्हणाल्या, आणि निघाल्या.

बोरकर म्हणाले, "लीला." मी म्हणालो, "वहिनी." आम्ही दोघं चपला शोधेपर्यंत त्या कठड्याला धरून दोन्ही मजले उतरल्या होत्या.

*

खाली मिस तान बूट घालत होती. वहिनींनी तिला गाठलं, नारळ पुढे केला आणि तिथल्या दगडी बाकावर बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

त्यांना वर न्यायला दुपार गेली. एका बाजूने बोरकर, दुसऱ्या बाजूने मिस तान. मागून मी नारळ घेऊन. वहिनी एक पायरी चढायच्या, डोळे मिटून उभ्या राहायच्या, आणि मिस तानला तिच्या आईची चौकशी करायच्या. मिस तानने मधेच फोन करून पुढची भेट रद्द केली. अर्ध्या जिन्यावर तिने हळूच विचारलं,

"आंटी, एक ते दहा. आत्ता किती?"

वहिनींच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ओठ पांढरे. त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला.

"तीन."

मिस तानने बोरकरांकडे पाहिलं. "अंकल, आंटी आधी काय काम करायच्या?"

"टीचर. मॅथ्स."

"सगळ्यात जास्त मार्क किती दिले त्यांनी?"

"सहा," बोरकर म्हणाले. "मला संसाराचे साडेचार आहेत."

मिस तानने वर पोचल्यावर टॅबलेट काढला आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. आम्हाला दाखवलं नाही.

*

सेम्बावांगचं घर लागलं. मेधाच्या समोरचा ब्लॉक, सहावा मजला, लिफ्टसमोर दार. किल्ल्या घ्यायला बोरकर, वहिनी, मेधा आणि पुन्हा नारळवाला म्हणून मी, असे सगळे ऑफिसात गेलो. काउंटरपलीकडे योगायोगाने मिस तान होती. तिने वहिनींना पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आंटी, प्लीज. कॅनॉट."

"तुला नाही गं," वहिनींनी पिशवीतून नारळ काढला. "हा घराला आहे. उंबऱ्यावर फोडायचा. मी सही करेपर्यंत तू नुसता धर. माझे गुडघे दुखताहेत."

मेधाने आईकडे वळून पाहिलं. बोरकर चष्मा पुसायला लागले.

मिस तान हसली नाही. गंभीरपणे तिने विचारलं, "एक ते दहा, आंटी?"

वहिनींनी तिच्या ओंजळीत नारळ ठेवला.

"दहा."